सहा हजार पाचशेत क्लच, ब्रेक आणि कलम १८४

ड्रायव्हिंग स्कूलचं नाव लिहीत नाही, आधीच सांगते. नागपूरच्या मानेवाडा भागात ज्यांनी गाडी शिकली त्यांना दोन ओळींत कळेल, बाकीच्यांनी विचारू नका. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि नाव टाकलं तर त्या काउंटरवरच्या पोरावर न शेकता शिकवणाऱ्या सरांवर शेकतील. तिथे पगार घेण्यालायक तेवढा एकच माणूस आहे.

तर चारचाकी, २१ दिवस, ६,५०० रुपये, लायसन्सचा खर्च वेगळा. माझं वय ४९, पतसंस्थेत कॅशियर. नवऱ्याची बदली गोंदियाला झाली, सासूबाईंचे गुडघे कामातून गेले आणि दारात सेकंडहँड गाडी कव्हर घालून चार महिने उभी. कॅबवाले गल्लीच्या तोंडाशी थांबतात, सासूबाई तिथवर चालू शकत नाहीत. मुलगा पुण्याला. मग काय, आपणच शिकायचं.

कागदपत्रं काढली तेव्हा पहिला धक्का घरातच बसला. माझं दुचाकीचं लायसन्स १९९९ सालचं, २० वर्षांचं. म्हणजे २०१९ला संपलेलं. कोणी पाहिलंच नाही, मीही नाही. इतकी वर्षं मी रोज सकाळी विनालायसन्स ॲक्टिव्हा काढून लोकांचे पैसे मोजायला जात होते. त्याचा दंड ५,००० रुपये आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १८१, हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसतंच पोटात गोळा आला.

काउंटरवरचा मुलगा गोड बोलतो. आधार कार्ड घेतलं आणि म्हणाला, ‘काकू, ओटीपी आला की सांगा फक्त. परीक्षा आम्ही सोडवून टाकतो.’ लर्निंगची परीक्षा आता घरबसल्या होते, १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. मी म्हटलं, माझी मी देते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हॉटेलात जाऊन स्वतःच्या पोळ्या लाटायला मागितल्या. १३ बरोबर आले. चुकलेल्या दोनांतला एक गोल चौकाचा: आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं की बाहेरून शिरणाऱ्याला? आतल्याला. इतकी वर्षं या शहरात गाडी चालवून मला हे माहीत नव्हतं, कारण आपल्याकडे ज्याचा हॉर्न मोठा तो आधी जातो.

नंतर त्याच मुलाने ‘टेस्टचं टेन्शन नको’ नावाचं पंधराशेचं पॅकेज सांगितलं. त्यात काय येतं ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. घेतलं नाही.

थिअरीचा वर्ग रविवारी, एकच, एक तासाचा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर खुणांचा तक्ता, त्यातला लाल रंग उडून गुलाबी झालेला. कोपऱ्यात सिम्युलेटर आहे, माहितीपत्रकात त्याचा फोटो आहे, प्रत्यक्षात त्यावर चादर आहे. २१ दिवसांत ती चादर कोणी उचलली नाही. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता सर. साठीच्या पुढचे, पायात कॅनव्हासचे बूट, शर्टाच्या खिशात कंगवा. उमरेडहून कोराडीला कोळशाचा ट्रक चालवण्यात उमर गेली, मग शाळेची बस, आता हे. बॅचमधली पोरं त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. ते त्यांना आवडत नाही. ‘उस्ताद क्लीनर म्हनते. तुमी सर म्हना.’ पहिल्या दिवशी मी पट्टीची चप्पल घालून गेले तर पेडलवर पाय ठेवू दिला नाही, सरळ घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बूट पाहिले, मान हलवली आणि मग किल्ली दिली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची. ‘ताई, सोडून राहिल्या का लाथ मारून राहिल्या?’ त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक आणि क्लच असतो, शिकवणीच्या गाडीला तो सक्तीचाच आहे. त्या दुसऱ्या ब्रेकवर मी पहिला आठवडा काढला.

त्यांची शिकवण्याची रीत अशी की चौक आला की कलम. पाढे म्हणवून घेतात तसं. सहाव्या दिवशी तुकडोजी पुतळा चौकात सिग्नल लाल. सकाळचे पावणेसात, चारी बाजूंना चिटपाखरू नाही, एक दूधवाला तेवढा डाव्या हाताला. मागच्या कारवाल्याने हॉर्न लावून धरला. माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरकडे गेला.

‘वाजवू द्या,’ सर म्हणाले. ‘हॉर्न त्याचा, लायसन तुमचं. तोडला तं कलम कोनतं?’

मी म्हटलं, कलम कसलं, सिग्नलची पावती फाटते.

‘एकशे चौऱ्याऐंशी. लिहून घ्या.’

घरी येऊन मी खरंच शोधून वाचलं, कारण मला पटलं नव्हतं. आमच्या डोक्यात ‘धोकादायक ड्रायव्हिंग’ म्हणजे फुटाळा तलावावर रात्री सायलेन्सर काढून बाइक पळवणारी पोरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ला ती पोरं लागतातच, पण २०१९च्या दुरुस्तीने त्याखाली एक यादी जोडली आणि त्या यादीत मी होते, माझा नवरा होता, आमची अख्खी गल्ली होती. लाल दिवा तोडणं, ‘थांबा’चा फलक न मानणं, चालवताना हातात मोबाइल धरणं, नियमाबाहेर ओव्हरटेक, उलट दिशेने येणं. शिवाय एक ओळ सगळ्यांना पुरून उरणारी: सक्षम आणि काळजीपूर्वक चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाईल असं कसलंही चालवणं. यातलं काहीही लोकांना धोका होईल अशा रीतीने केलं, की पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत परत सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये, किंवा दोन्ही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, सर, असं असेल तर अर्धं नागपूर आत जाईल. ते हसले. त्यांचं म्हणणं, पोलीस बहुतेक वेळा हलक्या दारातून आत घेतात. सिग्नल पाळला नाही एवढंच धरलं तर कलम १७७, पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, नंतर १,५००पर्यंत. मोबाइलवर चलान फाटतं, आपण भरतो, विसरतो. पण तेच वागणं धोक्याचं ठरलं तर जड दार १८४चं, आणि त्यात हातातल्या मोबाइलचा भाग सोडला तर चौकात पैसे भरून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. वर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे, बेदरकारपणे चालवून जीव धोक्यात घातला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या लोकांना ते भारतीय दंड संहितेचं २७९ म्हणून माहीत आहे. ‘नंबर बदलला, माल तोच,’ असं सर म्हणतात.

(ही दंडवाढ झाली तेव्हा केंद्रात परिवहन खातं गडकरींकडे होतं, म्हणजे आपल्याच गावच्या खासदाराकडे. कायदा १ सप्टेंबर २०१९पासून लागू झाला, महाराष्ट्राने मात्र निवडणुकीच्या तोंडावर हात आखडता घेतला आणि तडजोडीचे, म्हणजे कोर्टात न जाता पैसे भरून मिटवायचे, नवे दर डिसेंबर २०२१मध्ये आणले. आमच्या पतसंस्थेत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.)

अकरावा दिवस मी विसरणार नाही. मानेवाडा चौक ओलांडून रिंग रोडला लागलो होतो. तिसरा गिअर पहिल्यांदाच न कुरकुरता पडला होता, मी मनातल्या मनात खूश. आणि दुभाजकाला चिकटून समोरून, माझ्याच लेनमध्ये, एक पोरगा बाइकवर. मान वाकडी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, पाठीला कॉलेजची बॅग. मी काहीच केलं नाही. खरं सांगते, हात स्टिअरिंगवर गोठले. सरांच्या पायाखालचा ब्रेक लागला, गाडी आचका देऊन बंद पडली, पोरगा आमच्या आरशाला बोटभर अंतर ठेवून निघून गेला. फोन खांद्यावरून हललाही नाही.

मी काच खाली केली आणि जे तोंडात आलं ते बोलले. पतसंस्थेत कोणी ऐकलं असतं तर ठेवी काढून नेल्या असत्या.

सर गाडी सुरू व्हायची वाट पाहत बसले. मग म्हणाले, ‘ताई, काल संध्याकाळी सहा वाजता तुमी बेसा रोडवर होत्या नं?’

होते.

‘मी चहाच्या ठेल्यावर उभा होतो. गल्लीतून निघाल्या अन् उलट्या बाजूनं फुलवाल्यापर्यंत गेल्या. ‘एल’ची पाटी बी नाही गाडीवर.’

दुभाजकातला कट आमच्या गल्लीपासून तीनशे मीटर लांब आहे. फुलवाला उलट बाजूने ऐंशी पावलांवर. रोज संध्याकाळी देवाची फुलं आणायला मी ॲक्टिव्हावर अशीच जाते, गेली आठ वर्षं, हळूच, कडेकडेने, हॉर्न देत. मला ते कधी ‘राँग साइड’ वाटलंच नव्हतं.

‘त्याचं अन् तुमचं कलम एकच,’ सर म्हणाले. ‘फक्त त्याच्या पाठीवर बॅग, तुमच्या हातात फुलाची पिशवी. चला, फर्स्ट टाका.’

त्या दिवशी मला राग आला होता, लपवत नाही. सहा हजार पाचशे देऊन हे ऐकून घ्यायचं? संध्याकाळी फुलं आणली नाहीत. दुसऱ्या दिवशी कटपर्यंत जाऊन आणली, चार मिनिटं जास्त लागली.

एक दिवस, सोळावा बहुतेक, उमरेड रोडला लांब फेरी झाली. दिघोरीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी सहज विचारलं, इतक्या वर्षांत तुमच्या हातून कधी? त्यांनी कप खाली ठेवला. डिसेंबर, पहाट, धुकं. दुधाच्या कॅन लावलेली सायकल बाजूच्या पांदणीतून वर आली. ते थांबले, सायकलवाल्याला दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन बसले. माणूस वाचला नाही. २७९ आणि निष्काळजीपणाने मृत्यूचं ३०४ अ लागलं. केस सात वर्षं चालली. प्रत्येक तारखेला एक खेप बुडायची. गेलेल्याचा भाऊ कोर्टाबाहेर त्याच बाकावर बसायचा, पहिली दोन वर्षं पाठ करून. तिसऱ्या वर्षी एकदा पावसात दोघं एकाच छपराखाली अडकले तेव्हा त्याने विचारलं, चहा घेता का. ‘मंग दर तारखेले घेत होतो. पैसे कधी तो देये, कधी मी.’ शेवटी सुटले. किती वेग होता हे मी विचारलं नाही.

जानेवारी २०२४मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला होता, आठवत असेल. नागपूरच्या पेट्रोल पंपांवर रात्री बारापर्यंत रांगा होत्या, मी स्वतः एक तास उभी होते आणि ट्रकवाल्यांना शिव्या देत होते. तो संप कशासाठी होता ते मला या चहाच्या ठेल्यावर कळलं. जुन्या ३०४ अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४पासून नवी संहिता आली, त्यात कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमात ती ५ वर्षांपर्यंत गेली. दुसऱ्या पोटकलमात असं की गाडीने माणूस मारला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळाला तर १० वर्षांपर्यंत. संप या दुसऱ्यावर होता, आणि संहिता लागू करताना तेवढं पोटकलम सरकारने बाजूला ठेवलं. छापलेलं आहे, लागू केलेलं नाही.

मी म्हटलं, पण पळायचंच कशाला? सर म्हणाले, ‘तुमी कधी पब्लिकचा मार पाह्यला नाही म्हनून.’ मग त्यांनीच सांगितलं की कायद्यालाही तो मार ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की जखमीला दवाखान्यात पोचवायची सोय चालकाने करायची, जमावाच्या संतापामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने शक्य नसेल तेवढं सोडून. आणि पोलीस जागेवर नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, वर्दी द्यायची. म्हणजे मारापासून वाचायला जागेवरून निघालात तरी ठाणं चुकवायचं नाही. हे न पाळलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ही गोष्ट मला कोणत्याही रविवारच्या वर्गात कोणी सांगितली नव्हती, आणि लर्निंगच्या १५ प्रश्नांतही आली नव्हती. मी ती सासूबाईंकडूनसुद्धा पाठ करून घेतली आहे, कारण शेजारच्या सीटवर त्याच असणार.

घरात या शिकवणीचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या बहिणीला झाला. तिचा मुलगा १६ वर्षांचा, ट्यूशनला ॲक्टिव्हाने जातो. मी तिला फोनवर सरांचं ‘पंचवीस-पंचवीस’ सांगितलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरतात, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. कलम १९९ अ. बहीण म्हणाली, ‘अगं, ट्यूशन जवळच आहे. अन् सोळाला लायसन मिळते नं?’ मिळतं, पण बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तिची ॲक्टिव्हा ११०ची. त्यावर तिने विषय बदलून सांभारवडीचं पीठ किती भिजवायचं ते विचारलं. मुलगा अजून ॲक्टिव्हानेच जातो. परवा मात्र भाऊजींनी फोन करून ‘ते पंचवीस नेमकं काय होतं’ असं विचारलं, तेवढं खातं उघडलंय म्हणायचं.

आता हिशेब, कारण मी कॅशियर आहे. नियमात चारचाकीला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास आहेत. कागदावर माझे २१ दिवस रोज अर्धा तास, म्हणजे साडेदहा तास, बरोबर बसतं. पण मी डायरीत रोज वेळ लिहिली. गाडी कधी दहा मिनिटं उशिरा, कधी माझ्या वेळात दुसऱ्या मुलीला घरून उचलणं, दोनदा माझ्याच वेळात पेट्रोल भरणं, एकदा पंक्चर, आणि तो चपलेचा दिवस. एकूण बसलं ७ तास ५० मिनिटं. शेवटच्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने रजिस्टर पुढे केलं आणि २१ सह्या एकदम करायला सांगितल्या. मी डायरी पुढे केली. त्याला वाटलं मी पावती मागते आहे. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर चार जादा क्लास मिळाले, म्हणजे दोन तास. दहा मिनिटं अजून येणं आहे.

गाडीचा एसी चालत नाही, विचारू नका. मे महिन्यात दुपारची बॅच घेणाऱ्याला माझा नमस्कार. सकाळी साडेसहाचीच मागा आणि सरांचीच मागा. दुसरा एक तरुण शिक्षक आहे, तो शिकवताना स्वतः रील पाहतो.

टेस्ट मी पॅकेज न घेता दिली, रिव्हर्सला एकदा चुकले, दुसऱ्या वेळी पास झाले. सरांना पाचपैकी पाच, काउंटरला दीड, सिम्युलेटरच्या चादरीला शून्य. सरासरी तुम्ही काढा.

गेल्या गुरुवारी सासूबाईंना घेऊन पहिल्यांदा मेडिकल चौकापर्यंत गेले. दुपारचं ऊन, सिग्नल लाल, ४० सेकंद, समोर रस्ता मोकळा. सासूबाई दोनदा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘जा नं. कोनी नाही.’

मी म्हटलं, ‘एकशे चौऱ्याऐंशी आहे, आई.’

त्यांनी पर्समधून चष्मा काढला, लावला, सिग्नलवरचे आकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, ‘खोटं काहून बोलतं? चौतीस तं राह्यले.’